करिंथच्या त्या घरात कोण कुठे जेवायला बसलं होतं?

धर्मशास्त्राच्या अभ्यासक्रमाला नुकताच प्रवेश घेतलेल्या एका वाचकाने विचारलं आहे: "पौलाची पत्रं आम्ही लहानपणापासून उपासनेत ऐकत आलो. आता 'नव्या कराराचं समाजशास्त्रीय वाचन' हा विषय समोर आला आहे. यातून नेमकं काय हाती लागतं? सुरुवातीचे ख्रिस्ती खरोखरच गुलाम आणि गोरगरीब होते का? आणि असं वाचलं की वचनाचं पावित्र्य उणं होत नाही का?"

नवा करार शिकवायला लागून मला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो आणि दरवर्षी मी सिद्धान्त बाजूला ठेवून एक पान उघडायला सांगतो. तुम्हीही उघडा. करिंथकरांस पहिलं पत्र, म्हणजे करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पौलाने लिहिलेलं, अध्याय ११. आणि ओवी २३ पासून न वाचता १७ पासून वाचा.

फरक तिथेच सुरू होतो. प्रभुभोजनाच्या विधीत आपण जे शब्द ऐकतो ते २३व्या ओवीपासूनचे: प्रभू येशूला ज्या रात्री धरून देण्यात आलं त्या रात्री त्याने भाकर घेतली. हे शब्द आपल्याला पाठ असतात. पण पौलाने ते कुठल्या भांडणाच्या मध्यावर लिहिले, ते विधीत येत नाही. त्याआधीच्या ओव्यांत पौल रागावलेला आहे. तुम्ही एकत्र जमता त्याने भलं होण्याऐवजी वाईटच होतं, असं तो म्हणतो. कारणही सांगतो: जेवताना जो तो आपलं जेवण आधी उरकतो, एक भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो. मग तो विचारतो, खायला-प्यायला तुम्हाला घरं नाहीत का? की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता?

'ज्यांच्याजवळ काही नाही.' या तीन शब्दांपाशी थांबा. एकाच खोलीत, एकाच प्रभूच्या नावाने जमलेल्या माणसांत काहींकडे पोटभर अन्न आणि वर दारू आहे, आणि काहींकडे काहीच नाही. हे लोक कोण? कोण आधी जेवलं? का? ज्याच्या घरी जमले तो यजमान कोण? हे प्रश्न समाजशास्त्राने बाहेरून आणून लादलेले नाहीत, ते पत्रातच आहेत. वाचनाची ही पद्धत एवढंच करते की ते प्रश्न गिळून पुढे जाऊ देत नाही.

आता त्या खोलीत जाऊ. वेगळी चर्चची इमारत तेव्हा नव्हतीच. ऐपतदार रोमी घरात जेवणाच्या दालनात तीन बाजूंना तीन पलंगवजा बैठका असत. पाहुणे त्यांवर डाव्या कोपरावर रेलून जेवत. एका बैठकीवर तिघं, म्हणजे नऊ जण. कोण कुठल्या जागेवर रेलणार हे मानपानाप्रमाणे ठरलेलं असे. पण करिंथची सगळी मंडळी गायसच्या घरी जमत असे, असं रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायावरून दिसतं, आणि सगळी मंडळी म्हणजे नऊ जण नक्कीच नाहीत. मग उरलेले कुठे? बाहेरच्या चौकात, उभे किंवा खाली बसलेले. दालनात कोणाला बोलवायचं हे यजमानाच्या हातात. तो आपल्या बरोबरीच्यांना, जुन्या ओळखीच्यांना आत बोलावणार, हे त्या समाजात इतकं सहज होतं की त्यात काही चुकतंय असं यजमानाच्या मनातही आलं नसेल.

जेवणही सगळ्यांना सारखं मिळत नसे. पौलानंतर साधारण अर्ध्या शतकाने धाकटा प्लिनी या रोमी सरदाराने एका मेजवानीचं वर्णन पत्रात करून ठेवलं आहे. यजमानाने स्वतःला आणि मोजक्या पाहुण्यांना उत्तम पदार्थ वाढले, बाकीच्यांना स्वस्तातले. दारूही छोट्या सुरयांत तीन प्रतींची ठेवली होती: एक स्वतःसाठी आणि प्लिनीसारख्यांसाठी, दुसरी कमी प्रतीच्या मित्रांसाठी, तिसरी मुक्त झालेल्या गुलामांसाठी. प्लिनीला हे आवडलं नाही. आपण सगळ्यांना एकच दारू देतो, असं तो सांगतो. मात्र ती कशी जमते याचाही खुलासा करतो: मुक्त गुलाम माझी दारू पीत नाहीत, मीच त्यांची पितो. म्हणजे तक्रार करणाऱ्या या भल्या माणसाच्याही डोक्यातून प्रतवारी गेलेली नव्हती.

आता परत पौलाकडे या. करिंथच्या यजमानांनी बहुधा कुठलाही मुद्दाम दुष्टपणा केला नव्हता. त्यांनी आपल्या शहराची रीत पाळली. गुलामाचा आणि मजुराचा दिवस त्याच्या हातात नसतो, तो दिवेलागणीनंतर येणार. मोकळे असलेले आधी आले आणि जेवले. पौल याला रीत म्हणून सोडून देत नाही. हे प्रभूचं भोजनच नव्हे, असं तो सरळ म्हणतो. आणि नेमक्या या ठिकाणी तो त्या रात्रीची आठवण काढतो, भाकर मोडल्याची, देह दिल्याची. भाकरीचे ते पवित्र शब्द आपल्यापर्यंत लेखी स्वरूपात सगळ्यात आधी पोहोचले ते या पत्रातून, आणि ते लिहिले गेले कारण कोणीतरी उपाशी राहिलं होतं. हे कळल्यावर त्या शब्दांचं पावित्र्य उणं झालं असं मला कधी वाटलं नाही. मला ते हातात धरवेनासे झाले, इतके जड झाले.

पुढचा परिणाम तर थेट आपल्या घरांतला आहे. ओवी २७ म्हणते, जो कोणी अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल तो प्रभूच्या देहाविषयी दोषी ठरेल. ही ओवी ऐकून वर्षानुवर्षं प्रभुभोजनापासून दूर राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. घरात भांडण झालं, मनात राग आहे, काही जुनी चूक आठवते, म्हणून "मी योग्य नाही". पण ग्रीकमधला तो शब्द क्रियाविशेषण आहे. खाण्याच्या पद्धतीबद्दल तो बोलतो, खाणाऱ्याच्या लायकीबद्दल नाही. कोणती पद्धत, ते वर सांगूनच झालंय: दुसऱ्याला भुकेलं ठेवून खाण्याची. ओवी २९मधलं 'शरीर न ओळखता' खाणं म्हणजे काय, याचाही धागा मागच्या अध्यायात आहे, १०:१७मध्ये: भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. ओळखायचं आहे ते शेजारच्या माणसाला. ज्या ओवीने उपाशी माणसाची बाजू घेतली तीच ओवी पुढे दुबळ्या मनाच्या माणसाला टेबलापासून दूर ठेवायला वापरली जावी, याचं मला खोल दुःख आहे. हा विषय मी इतक्या आग्रहाने शिकवतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

इथे एक सावधगिरी. ओवी २१मधलं क्रियापद 'आधी घेणं' असंही वाचता येतं आणि नुसतं 'खाऊन टाकणं' असंही. ओवी ३३मधलं 'एकमेकांची वाट पाहा' हे 'एकमेकांचं आगतस्वागत करा' असंही होऊ शकतं. पहिल्या वाचनात प्रश्न वेळेचा होतो, दुसऱ्यात वाटपाचा. रोमी घराचा नकाशा कितीही नीट काढला तरी ग्रीक क्रियापदाचा निकाल तो लावत नाही. नकाशाबद्दलही वाद आहेत. करिंथजवळच्या ज्या प्रशस्त घराचं मोजमाप घेऊन अभ्यासकांनी हे चित्र रंगवलं, ते घर पौलाच्या काळातलंच आहे का यावर शंका घेतली गेली. नाट्यगृहाच्या पूर्वेला सापडलेल्या साध्या इमारतींतल्या वरच्या मजल्यावरही अशी मंडळी जमू शकली असती, असा दुसरा पर्याय मांडला गेला. श्रीमंताचं दालन हे एक शक्य चित्र आहे, छायाचित्र नाही. विद्यार्थी नेमकं हेच विसरतात.

मराठी वाचकाला हा उतारा समजायला खरं तर कमी कष्ट पडायला हवेत. कोणाबरोबर जेवायचं, कोणाच्या हातचं पाणी घ्यायचं, याने माणसाची जागा ठरते हे आपल्याला शिकवावं लागत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे पतीजवळ राहायला आल्यावरही लक्ष्मीबाईंनी बराच काळ आपला स्वयंपाक वेगळा ठेवला होता. मतं बदलली तरी ताट बदलायला वेळ लागतो, हे त्यांच्या आठवणींत फार प्रामाणिकपणे आलं आहे. पण मी विद्यार्थ्यांना इथेच अडवतोही. करिंथची पंगत म्हणजे आपली जातींची पंगत नव्हे. रोमी जगात गुलाम धन्याचं जेवण रांधत होता, वाढत होता, त्याच्या स्पर्शाने अन्न विटाळत नव्हतं. गुलाम मुक्त होऊ शकत होता, श्रीमंत होऊ शकत होता, आणि तरीही गुलामीचा डाग आयुष्यभर वागवत होता. आपला अनुभव दार उघडून देतो. आत गेल्यावर मात्र डोळे तिथल्या वस्तूंवर हवेत.

तुमचा दुसरा प्रश्न: ते गोरगरीब होते का? या प्रश्नावर शतकाहून अधिक काळ भांडण चालू आहे. इसवी सन १७८च्या सुमारास सेल्सस नावाच्या ग्रीक विचारवंताने ख्रिस्ती लोकांची हेटाळणी करताना लोकर पिंजणारे, चांभार, परीट असे शब्द वापरले. १९०८ साली दोन अगदी वेगळ्या माणसांनी जवळपास तेच चित्र आदराने रंगवलं. आडोल्फ डाइसमान इजिप्तमधली साध्या माणसांची पपायरसवरची (लव्हाळ्याच्या कागदावरची) पत्रं वाचत होता, आणि नव्या कराराची भाषा त्याच साध्या माणसांची आहे हे त्याने दाखवलं. कार्ल काउत्स्की मार्क्सवादी होता, त्याला तिथे कष्टकऱ्यांची चळवळ दिसली. १९६०मध्ये एडविन जज या इतिहासकाराने उलट बाजू मांडली की या मंडळ्या ऐपतदार घरमालकांच्या आधाराने उभ्या होत्या. १९७०च्या दशकात गेर्ड थाइसेन या जर्मन अभ्यासकाने करिंथवर जे निबंध लिहिले त्यांनी या विषयाला आजचं रूप दिलं.

थाइसेनची रीत साधी होती. पौल करिंथकरांच्या याच पत्रात १:२६मध्ये म्हणतो, तुमच्यात ज्ञानी फार नाहीत, सत्ताधारी फार नाहीत, कुलीन फार नाहीत. 'फार नाहीत' म्हणजे थोडे आहेत. मग त्याने नावं घेतली. क्रिस्प हा यहूद्यांच्या सभास्थानाचा अधिकारी. गायसचं घर सगळ्या मंडळीला पुरणारं. स्तेफनाचं सगळं घराणं बाप्तिस्मा घेतलेलं, आणि तो प्रवास करून पौलाकडे येऊ शकणारा. ख्लोवेची माणसं करिंथच्या बातम्या पौलाला सांगणारी. एरास्त तर नगराचा खजिनदार. करिंथच्या नाट्यगृहाजवळ १९२९ साली एक कोरीव लेख सापडला. एरास्त नावाच्या माणसाने नगराधिकाऱ्याचं पद मिळाल्याबद्दल स्वखर्चाने फरसबंदी करून दिल्याचं त्यात म्हटलं आहे. तोच हा एरास्त असं अनेकांनी उत्साहाने धरलं. पौलाने वापरलेला ग्रीक शब्द आणि लेखातलं लॅटिन पद एकच का, लेख नेमका पहिल्या शतकातलाच का, यावर आजही एकमत नाही. मी वर्गात ते छायाचित्र दाखवतो, पण त्यावर भार टाकत नाही.

थाइसेनच्या रीतीत एक कच्चा दुवा आहे, तो जपून पाहा. करिंथसंबंधी आपल्याला जेमतेम दीड डझन नावं माहीत आहेत. कोणाचं नाव पत्रात येतं? जो प्रवास करतो, जो घर देतो, ज्याच्याशी पौलाचं काम पडतं. चौकात उभा असलेला उपाशी माणूस निनावी राहतो. नावांची मोजणी केली की चित्र आपोआप वरच्या बाजूला झुकतं.

वेन मीक्सने १९८३मध्ये याला एक वळण दिलं जे मला आजही उपयोगी वाटतं. श्रीमंत की गरीब असं विचारू नका, असं त्याचं म्हणणं. माणसाचं स्थान एकाच पट्टीवर मोजता येत नाही. पैसा आहे पण जन्म गुलामाचा. स्वतःचा व्यापार आहे पण बाई आहे, जशी जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी लुदिया. शिक्षण आहे पण यहूदी म्हणून परका. एका पट्टीवर वर आणि दुसरीवर खाली असलेली ही माणसं या मंडळ्यांत ठळकपणे दिसतात. करिंथ हे शहरच तसं होतं. रोमने ते इसवी सनापूर्वी १४६ साली उद्ध्वस्त केलं. ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४४ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, ते नव्याने वसवायला घेतलं, आणि वसायला आलेल्यांत मुक्त गुलाम मोठ्या संख्येने होते. दोन बाजूंना दोन बंदरं, लेखियोन आणि किंख्रिया. पैसा वाहत होता आणि जुनी घराणी नव्हती. अशा गावात प्रत्येक जण आपली पायरी दुसऱ्याला दाखवत असतो. पत्रातला 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा', 'मी केफाचा' हा कोण कुठल्या गुरूचा यावरचा वाद त्या गावाच्या तोंडी शोभणारा आहे.

१९९८मध्ये जस्टिन मेगिटने ही सगळी इमारत हलवली. रोमी साम्राज्यात मूठभर सोडले तर सगळेच पोटाच्या चिंतेत होते, पौलाची माणसंही तशीच, असं त्याने ठासून मांडलं. २००४मध्ये स्टीव्हन फ्रीझनने सात पायऱ्यांचं कोष्टक केलं: त्याच्या अंदाजाने शहरांतली २८ टक्के माणसं पोट भरण्याच्या पातळीखाली, ४० टक्के जेमतेम त्या पातळीवर, आणि थोडीफार शिल्लक असलेली मधली पायरी फक्त ७ टक्के. ब्रूस लाँगेनेकरने पुढे ही मधली पायरी दुपटीहून जास्त रुंद केली. हे आकडे मोजलेले नाहीत, मांडलेले आहेत. पण त्यांनी एक मोठं काम केलं. 'मध्यमवर्गीय ख्रिस्ती' हे आजच्या वाचकाला आवडणारं चित्र त्यांनी पुसलं. माझं मत विचाराल तर असं: बहुसंख्य गरीब, त्यांत काही गुलाम, आणि थोडे बऱ्यापैकी शिल्लक असलेले ज्यांच्या घरात आणि ज्यांच्या खर्चाने मंडळी जमे. अगदी वरच्या पायरीवरचं कोणी नाही. 'ज्यांच्याजवळ काही नाही' आणि 'तुम्हाला घरं नाहीत का' ही दोन वाक्यं एकाच परिच्छेदात येतात, यापेक्षा भक्कम पुरावा मला अजून दिसलेला नाही.

याच धाग्यावर अध्याय ८ ते १० वाचा, मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचा प्रश्न. मराठी बायबलाने 'नैवेद्य' हा शब्द वापरला हे आपलं भाग्यच, कारण वाचकाला देवळातलं अन्न आणि बाजारातलं अन्न यांचं नातं लगेच उमगतं. बळी दिलेल्या जनावराचं मांस देवळातल्या जेवणात वाढलं जाई, बाजारातही विकायला येई. 'बलवान' म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नाही, खाऊ या. 'दुर्बळ' माणसाचं मन खाताना कातरत असे. थाइसेनचं म्हणणं, दुर्बळ म्हणजे गरीब: ज्याला मांस वर्षातून सणासुदीला, तेही देवाच्या नावाने वाटलेलं मिळतं, त्याच्यासाठी मांसाची चव आणि देवाचं नाव वेगळं होणार कसं? श्रीमंत रोज खातो, त्याला ते नुसतं जेवण. शिवाय त्याला व्यवहारासाठी देवळातल्या मेजवान्यांना जावंच लागतं. मेगिटने आक्षेप घेतला की गरीबही खानावळींतून हलक्या प्रतीचं मांस खात असत. आक्षेप बरोबर आहे, आणि तरी थाइसेनच्या वाचनाने एक गोष्ट कायमची दाखवून दिली: ज्याला आपण 'ज्ञान' म्हणतो त्यालाही ऐपत लागते.

मांसाची गोष्ट साठ वर्षांनी पुन्हा वर येते. इसवी सन ११२च्या सुमारास, मघाचाच प्लिनी बिथुनियाचा सुभेदार असताना सम्राट त्रायानला लिहितो की हा पंथ शहरांतून खेड्यांपर्यंत पसरला आहे, त्यात सगळ्या वयांचे, सगळ्या दर्जांचे, स्त्री-पुरुष दोन्ही आहेत. देवळं ओस पडली होती आणि बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं, आता जरा सुधारतं आहे. अधिक माहिती काढण्यासाठी आपण दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला, असंही तो सांगतो. मंडळीत त्यांना 'सेविका' म्हणत, तोही त्यांना तोच पदवाचक शब्द वापरतो. त्यांची नावं त्याने लिहिली नाहीत. दोन गुलाम बायका एका मंडळीत पदावर होत्या, हे आपल्याला त्यांना छळणाऱ्या अधिकाऱ्याच्या पत्रातून कळतं. मी हे पत्र वर्गात वाचतो तेव्हा त्यानंतर लगेच पुढे जाऊ शकत नाही.

त्याच पदाचा शब्द पौल फिबीसाठी वापरतो, रोमकरांस १६मध्ये. ती किंख्रियाच्या मंडळीची सेविका. पण तिथे दुसराही एक शब्द आहे, जो मराठीत 'साहाय्य करणारी' असा आला. मूळ शब्दाला आश्रयदातीचा वास आहे: जिच्या पैशाने, ओळखीने, घराने इतरांचं चालतं ती. 'साहाय्य करणारी' म्हटलं की डोळ्यांसमोर स्वयंपाकघरात हात लावणारी बाई येते. आश्रयदाते आणि आश्रित हे त्या समाजाचं हाडच होतं. ते माहीत नसलं तर अध्याय ९मध्ये पौल आपला हक्क असूनही करिंथकरांकडून पैसे का घेत नाही, ते कळत नाही. घेतले असते तर तो कोणाचा तरी आश्रित झाला असता. त्यापेक्षा तो तंबू शिवत बसला, आणि हाताने काम करणारा गुरू पाहून प्रतिष्ठितांना लाज वाटली.

करिंथकरांच्या पत्रातला अध्याय १२ मधला शरीराचा दृष्टान्तही असाच. तो पौलाने नव्याने रचलेला नाही. रोममध्ये एक जुनी गोष्ट सांगत: प्रजेने काम थांबवलं तेव्हा मेनेनियस आग्रिप्पा या मुत्सद्द्याने त्यांना समजावलं की हातापायांनी पोटाविरुद्ध बंड केलं तर सगळं शरीर सुकतं. म्हणजे तुम्ही मुकाट राबा. पौल तेच शरीर घेतो आणि मान उलटा वाटतो. जे अवयव कमी मानाचे वाटतात त्यांना देवाने अधिक मान दिला. ज्यांनी जुनी गोष्ट वरच्यांच्या तोंडून ऐकली होती त्यांना हे ऐकताना काय वाटलं असेल, याचा विचार करा.

वचनाच्या पावित्र्याबद्दल तुम्ही विचारलंत. समाजशास्त्र चौकातला माणूस उपाशी का राहिला ते सांगू शकतं. ज्याच्या नावाने ते जमले तो मरणातून उठला आहे की नाही, हे त्याच्या मापात बसत नाही. बसतं असं सांगणारा माणूस हद्द ओलांडतो, मग तो श्रद्धावान असो की नसो. धोका दुसरीकडे आहे: चौकट आधी बनवायची आणि मजकूर तिच्यात कोंबायचा. रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञाने १९९६मध्ये हिशेब मांडला: सन ४०मध्ये १,००० ख्रिस्ती धरा, दर दहा वर्षांनी ४० टक्के वाढ धरा, सन ३५०पर्यंत सुमारे ३ कोटी ३९ लाख होतात. चक्रवाढ व्याजाचं गणित. त्याने एक चांगलं दाखवलं की लाखोंची एकदम धर्मांतरं कल्पायची गरज नाही, नात्यागोत्यातून आणि शेजारातून हळूहळू पसरणं पुरेसं आहे. पण ते १,००० कोणी मोजले? मोठा आकडा पाहून विद्यार्थी तो वहीत उतरवतात आणि 'धरा' हा शब्द गाळतात.

उलट टोकाला, सगळं मूळ शुद्ध आणि नंतर सगळं बिघडलं, अशी सोपी गोष्टही सांगू नका. गलतीकरांस ३:२८मध्ये दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष भेद नाही म्हटलं, आणि पुढच्या पिढीच्या पत्रांत दासांनो, आज्ञा पाळा असं आलं, हे खरं. पण तीमथ्याला पहिलं पत्र, ६:२ नीट वाचा. ज्यांचे धनी विश्वासणारे आहेत त्या दासांनी, ते भाऊ आहेत म्हणून, त्यांना कमी लेखू नये. ही सूचना द्यावी लागली, म्हणजे कुठेतरी कोणी दास धन्याला म्हणत होता, तू माझा भाऊ आहेस.

अभ्यास कुठून सुरू करायचा, तर जाडजूड ग्रंथांच्या आधी रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय हातात घ्या. उपासनेत तो कोणी वाचत नाही, कारण नुसती नावं आहेत. वही घ्या आणि प्रत्येक नावापुढे लिहा: बाई की पुरुष, ग्रीक की लॅटिन की यहूदी, घर आहे का, काम कोणतं, कोणाच्या घरचा माणूस. शेवटाकडे, ओवी २२ला, पत्र लिहून घेणारा लेखनिक मध्येच स्वतःच्या तोंडाने सलाम सांगतो: मी तर्तियस. नावाचा अर्थ 'तिसरा'. अशी अनुक्रमाची नावं गुलामांत आणि मुक्त गुलामांत सर्रास असत. त्याच्या पाठोपाठ गायस येतो, सगळ्या मंडळीचा यजमान. मग एरास्त, नगराचा खजिनदार. आणि त्याच वाक्यात, त्याच्या लगेच शेजारी, ज्याला ना घर ना हुद्दा असा एक माणूस. नावाचा अर्थ 'चौथा'. त्याच्यापुढे पौलाने एकच ओळख लिहवली आहे: क्वार्त, आपला भाऊ.